गडावरचा शेजारधर्म

परक्या माणसांच्या शेजारी अंथरूण टाकून रात्र काढणं आपल्याला काही नवीन नाही. लग्नघरी एकाच खोलीत पंधराजणी दाटीवाटीनं झोपतो. दवाखान्यात बाळंतिणीच्या सोबतीला राहिलो की शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू आपल्या उशाशी घोरत असते. त्यातून निभावून कसं न्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं आणि तरी येतं. म्हणूनच आज जरा वेगळ्या मुक्कामाबद्दल लिहावंसं वाटलं. गडावरच्या मुक्कामाबद्दल.

आता तुम्ही म्हणाल, गडावर चढायचं वय आहे का आपलं? अहो, आहे! आमच्या निफाडसारख्या लहान गावातूनसुद्धा हल्ली बायकांचे गट गडांवर जातात. कुणी शाळेतल्या सहकारी, कुणी भिशीतल्या मैत्रिणी. दिवसाचं जाणं-येणं असेल तर घरून कुणाची फारशी हरकत नसते. प्रश्न येतो तो रात्रीचा. ‘झोपणार कुठं? शेजारी कोण असेल?’ हे दोन प्रश्न सासूबाई विचारतात, नवरा विचारतो, आणि खरं सांगायचं तर आपल्याही मनात असतात.

आमच्या भागातल्या बायकांना पायी प्रवासातला मुक्काम ठाऊक आहे तो दिंडीतला. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा आपल्या जिल्ह्यातून आणि बाहेरूनही दिंड्या पायी निघतात. दिवस ऐन थंडीचे. निफाडची थंडी तर वर्तमानपत्रात नाव छापून येणारी; कधीकधी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागायतदारांना पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा गारठ्यात देवळाच्या सभामंडपात नाही तर शाळेच्या वर्गात मुक्काम पडतो. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, मग निजानीज, आणि पहाटे काकड्याला सगळेच उठतात. कुणी गोंधळ घालत नाही, कारण तिथं विणेकरी असतो, चोपदार असतो, बोलायला वडीलधारी माणसं असतात. ‘अहो माऊली, जरा सरका’ एवढं म्हटलं की जागा होते.

वाटसरूंची रात्रीची सोय करणं हे आपल्याकडे फार जुनं पुण्यकर्म. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यानं भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथं उतरायला घरं बांधून दिली, असं त्यात कोरलंय. यातलं गोवर्धन म्हणजे आपलं नाशिकजवळचंच. जुन्नरजवळच्या नाणेघाटात तर घाट चढून आल्याबरोबर खोदलेली गुहा आहे आणि जवळच पाण्याची टाकी. सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख याच गुहेच्या भिंतींवर आहे. कल्याणकडून माल घेऊन वर येणारे व्यापारी दमून इथं टेकत असतील. म्हणजे अनोळखी माणसांनी एका छताखाली रात्र काढायची ही रीत आपल्या मुलखात दोन हजार वर्षांची आहे. गडावरच्या गुहा त्याच रीतीतल्या. फरक एवढाच की तिथं विणेकरी नाही, चोपदार नाही आणि धर्मशाळेचा दिवाणजीही नाही. कुणी कुणाला बोलायचं, हाच प्रश्न. म्हणून जो तो आपली शिस्त घरूनच घेऊन आला तर ठीक, नाही तर रात्र वाया.

तीनेक वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्या शाळेतल्या आम्ही पाचजणी हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सिन्नर, संगमनेर, अकोले, राजूर करत पाचनई गाठायचं. तिथून वर जायची वाट दोन-अडीच तासांची, आणि त्यातल्या त्यात सोपी. वरचं हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ बघून डोळे निवतात. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात मोठं शिवलिंग आहे आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उभा आहे. कोकणकड्यावरून सूर्यास्त पाहिला आणि पिठलं-भाकरी खाऊन नऊच्या आत आम्ही एका गुहेत अंथरुणं टाकली. आत पुण्याकडचं एक कुटुंब होतं, दोन लहान मुलं आणि आजी. त्यांनी आपणहून सामान भिंतीकडे सारलं. आमच्यातल्या दोघींनी चादर धरली, तिघींनी कपडे बदलले, मग उलट. त्या आजींनी आमच्याकडून मोरावळा घेतला, आम्ही त्यांच्याकडून लाडू घेतला. अगदी लग्नघर!

अकराच्या सुमाराला बारा-चौदा मुलांचा एक घोळका आला. मुलं शिकलेली, बरी दिसणारी. पण येताक्षणी प्रत्येकाच्या कपाळावरच्या दिव्याचा झोत झोपलेल्यांच्या तोंडावर. मग गाणी, तीही स्पीकरवर. मग गुहेच्या तोंडाशीच लाकडं पेटवली, आणि वारा आत येणारा. पाच मिनिटांत सगळी गुहा धुरानं भरली. लहानगं खोकायला लागलं. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या बाईंनी वर्गातला आवाज काढला तेव्हा गाणी बंद झाली, पण जाळ काही विझवला नाही. ‘काकू, थंडी आहे ना,’ असं उत्तर मिळालं. दोघींनी रात्री दोनपर्यंत बाहेर घोंगडी पांघरून बसून काढली.

कुणी अंगावर आलं नाही, काही चोरीला गेलं नाही. पण घरी गेल्यावर आमच्यातल्या एकीनं हे सगळं हसत हसत सांगितलं, आणि तिच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘आता पुरे झाले गड.’ ती त्यानंतर आमच्याबरोबर मुक्कामाला आलेली नाही. त्या मुलांना याची कल्पनासुद्धा नसेल. त्यांच्या दृष्टीनं एक मजेची रात्र झाली. एका बाईचं मात्र गडावर जाणं बंद झालं. म्हणून म्हणते, हा प्रश्न नुसत्या झोपमोडीचा नाही.

बाहेरच्या देशांतसुद्धा या गोष्टींचा विचार झालेला आहे. आल्प्स पर्वतातल्या झोपड्यांमध्ये राखणदार असतो. चिखलाचे बूट दाराशी ठेवायचे, आत सपाता घालायच्या, रात्री दहानंतर शांतता. अमेरिकेत अपॅलेशियन ट्रेल नावाची सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. तिच्यावर अडीचशेहून जास्त निवारे आहेत, तीन भिंती आणि वर छप्पर, समोरची बाजू उघडी. तिथं बहुतेक ठिकाणी राखणदार नसतो, म्हणजे आपल्या गुहेसारखंच. आधी येईल त्याला जागा, पण पाऊस पडत असेल तर आणखी एकाला जागा करायचीच, असा तिथला वाटसरूंचा संकेत. वाचून मला आपली एस.टी. आठवली. तिसऱ्या सीटवर चौथीला टेकवून घेण्यात आपला हात कोण धरील?

आता मुख्य गोष्ट. आपण स्वतः काय पाळायचं, आणि दुसऱ्यांकडून ते कसं पाळून घ्यायचं?

आल्याबरोबर आधी आत असलेल्यांशी बोलावं. कुठून आलात, कितीजण आहात, पहाटे किती वाजता निघणार. या तीन प्रश्नांत निम्मं काम होतं. ओळख झालेल्या माणसासमोर माणूस सहसा बेताल वागत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे. जागा धरायची ती अंगापुरती. सहाजणी मागाहून येणार आहेत म्हणून सतरंज्या अंथरून ठेवणं गाडीत रुमाल टाकण्यासारखं. गडावर ते शोभत नाही. बायका आणि मुलं आतल्या भिंतीकडे, आपल्याबरोबरचे पुरुष तोंडाकडच्या बाजूला, अशी मांडणी आधीच सुचवून टाकावी. बहुतेक लोक ऐकतात, नुसतं कुणी तरी म्हणावं लागतं.

विजेरीचा उजेड खाली जमिनीवर ठेवावा, किंवा काचेवर पातळ रुमाल बांधावा. पहाटे निघायचं असेल तर सामान रात्रीच आवरून ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची ती चुरचुर! पहाटे चार वाजता एका माणसानं चिवड्याची पिशवी शोधायला सुरुवात केली की सगळी गुहा जागी होते. म्हणून मी सगळं कापडी पिशव्यांत भरते. जुन्या परकराच्या छान होतात. खाणं डब्यात घट्ट बंद करून ठेवावं, उंदीर रात्री येतात आणि माकडं सकाळी. हरिश्चंद्रगडावरची माकडं हातातला पोळीचा रोलसुद्धा नेतात.

जाळ गुहेत नको, तोंडाशीही नको. धुराचा त्रास तर आहेच, शिवाय शेकडो वर्षांच्या दगडावर काजळी चढते ती जात नाही. हरिश्चंद्रगड १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात जंगलाला धोका होईल असा जाळ करायला कायद्यानंच मनाई आहे. मुक्कामाचे नियमही खात्याकडून बदलत असतात, तेव्हा कुठल्याही गडावर राहायचं ठरवण्याआधी पायथ्याच्या गावात चौकशी करावी. तंबूत राहणार असाल तर एक गोष्ट मात्र लक्षात ठेवाच. थंडी कितीही असली तरी पेटती शेगडी किंवा निखारे बंद तंबूत घेऊ नयेत. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, आणि झोपेत माणूस दगावतो. त्यापेक्षा खाली पोत्याचं किंवा फोमचं जाड अंथरूण, अंगात दोन पातळ लोकरी कपडे आणि कानाला मफलर. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालच्या दगडातून चढते. निफाडकरणीला हे सांगायला नको, पण मुंबईच्या भाच्या फक्त पांघरुणं आणतात.

पाण्याची गोष्ट जरा स्पष्ट लिहिते. गडावरच्या टाक्यांतलं पाणी खोदणाऱ्यांनी पिण्यासाठी साठवलंय. त्यात पाय बुडवू नयेत, भांडी विसळू नयेत, साबण तर मुळीच नको. पाणी काढून घेऊन लांब जाऊन चूळ भरावी. प्रातर्विधीला टाक्यापासून आणि वाटेपासून चांगलं शंभर पावलं दूर जावं, लहानशा खुरप्यानं खड्डा करावा आणि माती लोटावी. दोघीदोघींनी जावं, एकीनं पाठ करून उभं राहावं. अडचणीचे दिवस असले तर वापरलेलं सगळं कागदात गुंडाळून, बंद डब्यात घालून घरी परत आणावं. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, आणि नेमकं याच काळजीनं कितीतरी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग चढताना चक्कर येऊन बसतात.

आता राहिला दांडगाईचा प्रश्न. मद्य घेऊन आलेला घोळका असेल तर वाद घालू नये, आपण उठून खाली गावात जावं किंवा गावकऱ्यांच्या झोपडीजवळ जावं. म्हणूनच चढताना वरच्या गावकऱ्यांशी आधी ओळख करून ठेवावी, त्यांच्याकडे जेवण सांगावं. ती माणसं रात्रभर तिथंच असतात आणि त्यांचा शब्द गडावर चालतो. नुसताच दंगा असेल तर मात्र गप्प बसू नये. पण ‘तुम्हाला कळत नाही का’ अशी सुरुवात केली तर मुलं चेष्टा करतात. मी पाहिलंय, ‘बाळा, आत लहान मूल झोपलंय, जाळ जरा त्या खडकाआड नेतोस का?’ असं एकालाच, जवळ जाऊन, नेमकं काय करायचं ते सांगून म्हटलं की तो हलतो. घोळक्याला सांगितलं तर कुणालाच सांगितल्यासारखं होत नाही. गेल्या वर्षी साल्हेरला आम्ही हेच केलं आणि त्या मुलांनी जाळ तर हलवलाच, शिवाय चहा आणून दिला. त्यात साखर फार होती, ते सोडा.

सकाळी निघताना झाडाच्या डहाळीनं आपली जागा झाडून काढावी, आणि कोपऱ्यात इतरांनी टाकलेल्या बाटल्या दिसल्या तर दोन-चार आपल्याच पिशवीत घालाव्यात. जेवणाचे पैसे मात्र रात्रीच देऊन टाकावेत. पहाटे निघण्याच्या गडबडीत सुटे सापडत नाहीत, वर मोबाईललाही नेमकी रेंज नसते, आणि त्या बाईला आपल्या मागे अर्धा गड चालत यावं लागतं.