पांडोबाच्या दर्शनाला

चेंगदूत राहून पांडा न बघता परत येणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन अंबाबाईचं दर्शन न घेता नुसता तांबडा-पांढरा ओरपून येण्यासारखं आहे. (असे लोक असतात. मी त्यातलाच.) कामानिमित्त चार महिने चेंगदूत होतो आणि दर शनिवारी 'उद्या नक्की' असं म्हणून रविवारी बारापर्यंत लोळत पडत होतो. शेवटी २०२५ च्या जुलैमध्ये आई पंधरा दिवसांसाठी आली आणि मुहूर्त लागला.

आईला खरं तर पांडाचं फारसं कौतुक नव्हतं. पण विमानतळापासून घरापर्यंत भिंतीवर, बसवर, बिस्किटाच्या पुड्यावर, सगळीकडे तोच काळा-पांढरा चेहरा बघून ती म्हणाली, 'गावाचं दैवतच दिसतंय. एकदा जाऊन यायला हवं या पांडोबाच्या पाया पडून.' झालं, पांडोबा हे नाव पक्कं झालं.

आता, पांडोबाचं दर्शन घ्यायचं तर काकड आरतीलाच गेलं पाहिजे. दरवाजे साडेसातला उघडतात. सकाळी गार असतं तोवर ही मंडळी बाहेर बसून बांबू खातात. पारा २६ अंशांच्या वर चढला की त्यांना आत एसीच्या खोल्यांत नेतात, आणि मग काचेतून फक्त एक मोठी पाठ दिसते. जुलैतल्या चेंगदूत २६ अंश म्हणजे पहाटच म्हणायची! शिवाय शाळांना सुट्टी आणि वार रविवार. तिकीट ५५ युआन, पण गेटवर जाऊन 'दोन द्या' म्हणायची सोय नाही. आधी ऑनलाइन बुकिंग करायचं, तेही पासपोर्ट नंबर टाकून. मी रीतसर एक्सेल शीट केली होती. ६:१० ला घर सोडायचं, ६:२५ ची मेट्रो, पावणेआठला आत. हसू नका, आमच्या धंद्यात असंच चालतं.

साडेसहा वाजले तरी आई पिशवी भरत होती. पाण्याच्या दोन बाटल्या, थालीपीठं, छत्री, गुडघ्याचा पट्टा, आणि एक प्लास्टिकचं फोल्डर. त्यात आधार कार्ड, विम्याचे कागद, नवा पासपोर्ट आणि त्याला रबरबँडने बांधलेला जुना रद्द झालेला पासपोर्टसुद्धा.

'अगं आई, हे सगळं कशाला? नवा पासपोर्ट पुरे झाला. आपण काय कोर्टात चाललोय?'

'असू दे रे. काय खायला मागतंय का?'

'आणि टॅक्सीने जाऊ या का?' हेही तिने त्याच दमात विचारलं. मी नाही म्हणालो. रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, मेट्रो कशी वेळेवर पोचते, वगैरे भाषण दिलं. सगळं खरंच होतं. तिने गुडघ्याचा पट्टा बांधला आणि निघाली.

चेंगदूच्या मेट्रोबद्दल मात्र बोलायलाच हवं. पहिली लाइन २०१० साली सुरू झाली आणि आज जाळं सहाशे किलोमीटरच्या पुढे गेलंय. (पुणेकरांनी हे वाक्य सोडून पुढे वाचावं.) आम्ही एक नंबरच्या लाइनने सिचुआन जिम्नॅशियमपर्यंत गेलो, तिथे तीन नंबरची लाइन पकडायची आणि थेट 'श्योंगमाओ दादाओ', म्हणजे पांडा अव्हेन्यूला उतरायचं. श्योंग म्हणजे अस्वल, माओ म्हणजे मांजर. अस्वल-मांजर! कागदावर एकदम सोपं. कागदावर जे नव्हतं ते म्हणजे लाइन बदलताना चालावं लागतं ते अंतर, आणि एक बंद सरकता जिना.

प्रत्येक स्टेशनवर सामान एक्स-रे मशीनमध्ये घालायचं असतं. तिथल्या मुलीने आईच्या पाण्याच्या बाटल्या तपासल्या आणि हसून म्हणाली, 'आयी...' पुढचं काही कळलं नाही. पण आई जागच्या जागी थबकली.

'ही मला आई म्हणाली!'

चिनी भाषेत आईच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात, म्हणजे आपल्या काकू-मावशीसारखं. मी हे समजावून सांगितलं, पण उपयोग शून्य. त्यानंतर दिवसभर जो कोणी तिला आयी म्हणेल त्याच्याशी ती मराठीत बोलत होती. आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या भाषांतराच्या ऍपपेक्षा तिचं जास्त जमत होतं. बंद जिन्यासमोर मी मोबाइलवर 'गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठ महिलेसाठी लिफ्ट' असं काहीतरी टाइप करत होतो, तोवर आईने एका आजीबाईंना स्वतःचा गुडघा दाखवून बोट वर केलं होतं. आजीबाईंनी तिचा हात धरला आणि लिफ्टपर्यंत नेऊन सोडलं. मी मागून पिशवी घेऊन.

पण यात वेळ गेला. नंतर स्टेशनबाहेर केंद्राकडे जाणाऱ्या बसची रांग. तिसऱ्या बसमध्ये जागा मिळाली. घड्याळात नऊ वाजत आलेले, ऊन वर आलेलं, आणि माझ्या शीटमधला प्रत्येक रकाना लाल. त्या रांगेत आई म्हणाली, 'टॅक्सी केली असती तर...' आणि मी तिच्यावर खेकसलो. 'तू वेळेवर निघाली असतीस तर!' असं, मोठ्यांदा. मराठी कोणाला कळत नव्हतं, पण खेकसणं कळतंच. दोन-तीन जण वळून बघायला लागले. आई काहीच बोलली नाही. बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत बसली आणि मी मोबाइलमध्ये.

आता गेट. माझा पासपोर्ट दाखवला, हिरवा दिवा, आत. आईचा दाखवला... लाल. पुन्हा लाल. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. बुकिंगमधला नंबर आणि पासपोर्टवरचा नंबर वेगळे. एक सेकंदात माझ्या पोटात गोळा आला. माझ्या एक्सेलमध्ये आईचा नंबर होता तो २०१५ साली काढलेल्या पासपोर्टचा. या ट्रिपसाठी तिने नवा काढला होता, व्हिसाचं, विमानाचं सगळं ताईने बघितलं होतं, आणि मी जुना नंबर कॉपी-पेस्ट केला होता. ऑफिसमध्ये ज्युनियरने असं केलं असतं तर मी त्याला अर्धा तास सुनावलं असतं. नवीन तिकीट? मोबाइलवर बघितलं, त्या दिवसाची सगळी संपलेली.

मी गेटच्या आत, आई बाहेर, मध्ये स्टीलचा आडवा दांडा.

'काय झालं?' तिने विचारलं. मी सांगितलं. तिने शांतपणे पिशवीतून फोल्डर काढलं, रबरबँड सोडला आणि कोपरा कापलेला जुना पासपोर्ट काउंटरवर ठेवला. त्या मुलाने दोन्ही फोटो बघितले, दोन्ही नावं बघितली, जुना नंबर स्क्रीनशी ताडून पाहिला, आत कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, 'आयी,' आणि हाताने 'या'.

यावर आई काय म्हणाली असेल? काहीच नाही! एक टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं मला.

आत शिरलो तर समोर लालबाग! 'ह्वाह्वा' नावाची एक पांडा आहे, २०२० साली जन्मलेली, जरा बुटकी, गोल, भातगोळ्यासारखी. अख्ख्या चीनमध्ये तिचे भक्त. तिला बघायला दोरखंड लावून वळणावळणांची रांग, आणि नंबर लागला की काही मिनिटांत पुढे सरका. आईने रांगेचा अंदाज घेतला आणि म्हणाली, 'ही नवसाची दिसतेय. आपण मुखदर्शन घेऊ कुठेतरी.'

मग आम्ही बांबूच्या सावलीतून हळूहळू चालत एका कमी गर्दीच्या आवाराशी आलो. तिथे एक जण अजून बाहेर होता. पाठ टेकून, पाय पसरून, रविवारचा पेपर वाचत बसलेल्या आजोबांसारखा. पांडाच्या पंज्यात मनगटाचं एक हाड वाढून सहाव्या बोटासारखं झालेलं असतं, त्यात बांबू धरून तो कडाकडा सोलत होता. याची आतडी मांसाहारी प्राण्याची आणि खाणं बांबूचं, त्यामुळे खाल्लेल्यातलं जेमतेम १७ टक्के पचतं. म्हणून जागेपणाचा बहुतेक वेळ खाण्यातच जातो. मी हे सगळं आईला सांगत होतो. (दिलगिरी व्यक्त करायची माझी ही पद्धत आहे, माहिती सांगणं.) १९८७ मध्ये हे केंद्र सुरू झालं तेव्हा जंगलातून वाचवून आणलेले फक्त सहा पांडा होते. त्या काळात सिचुआनच्या डोंगरात बांबूला फुलं आली, बांबू वाळून गेला आणि पांडा उपाशी मरायला लागले...

'कळकाला फुलोरा आला की काही खरं नसतं,' आई म्हणाली. 'माझी आजी म्हणायची. उंदीर माजतात, दुष्काळ पडतो. मला वाटायचं उगाच घाबरवते.'

मिझोराममध्ये तसंच झालं होतं, १९५९ साली, हे मी सांगणार होतो. नाही सांगितलं. ती कठड्याला टेकून पांडाकडे बघत होती, चष्मा कपाळावर ढकलून. तिचं माहेर सावंतवाडीकडचं, परसात कळकाचं बेट होतं म्हणे. मला हे माहीत नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत विषयच निघाला नव्हता.

'आई, मघाशी मी...'

'थालीपीठ खा,' ती म्हणाली.

दहाच्या सुमारास मागचं दार उघडलं, कोणीतरी आतून हाक मारली, आणि पांडोबा उरलेला बांबू तोंडात धरून डुलत डुलत एसीत निघून गेले. आमच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटं आली असतील. नंतर आम्ही लाल पांडा बघितले, एक बशी नूडल्स खाल्ल्या, ज्यात घातलेल्या मिरीसारख्या दाण्यांनी जीभ बधिर झाल्यावर आईने 'अरे, ही तर आपली तिरफळं!' असं जाहीर केलं. (सख्खी नव्हेत पण चुलत बहीण म्हणता येईल, एकाच कुळातली झाडं. घरी येऊन तपासलं.) बांगडा नसताना यात तिरफळ का घालतात, हा तिचा प्रश्न मात्र मला कोणाला विचारता आला नाही.

येताना टॅक्सी केली. रस्त्यात गाड्यांची रांग होतीच, मीटर चालू होता, आई फोल्डर मांडीवर घेऊन झोपली. घर आल्यावर तिने विचारलं, 'किती झाले रे?'

मी निम्मे सांगितले.