एगैलातलं ताट

कुवेतच्या दक्षिणेकडच्या एगैलात मॉलचा गारवा आणि बर्गरची दुकानं एकाच छपराखाली मिळतात. जुलैत पारा पन्नाशीला टेकतो, तेव्हा माणूस दुसरीकडे जाणार तरी कुठे? म्हणून ‘जिभेवर ताबा ठेवा’ हा उपदेश मला अपुरा वाटतो. अमेरिकेत आहार-संशोधक केविन हॉल यांच्या 2019च्या प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं जेवण दिलं गेलं. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी, चोथा यांचं प्रमाण जुळवलं होतं. तरी कारखानी जेवणावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. प्रयोग लहान, मान्य. पण सगळा दोष मनोनिग्रहावर ढकलता येत नाही, एवढं त्यातून दिसतं.

यावर आक्षेप ठरलेला: वाळवंटात बहुतेक अन्न बाहेरूनच येतं, प्रक्रिया टाळून जगायचं कसं? पण तूर भरडणं, मटार गोठवणं, खजूर वाळवणं हीही प्रक्रियाच. त्यात मूळ पदार्थ ओळखू येतो. पाकिटातल्या नूडल्सचं तसं नसतं. (आणि फरसाणाला गावची आठवण म्हणून सूट द्यायला आपण मराठी माणसं फार तत्पर!) वेळेची तक्रार मात्र खरी आहे. लांबलचक पाळीवरून परतलेल्याला पोळ्या लाटायला सांगणं हा निव्वळ अगोचरपणा. कुकरमध्ये वरणभात, जोडीला गोठवलेली मेथी, इतकं पुरे. बाकीचं काम धोरणाचं. 2013 मध्ये कुवेतच्या गिरणी कंपनीनं पावातलं मीठ सुमारे 20 टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा गिऱ्हाइकाला कसलाच निर्धार करावा लागला नव्हता.