मालकी आणि उसनवारी

आज्ञावली लिहिणे हा माझा पोटाचा धंदा. त्यातली बहुतेक वर्षे 'सी' या संगणकभाषेच्या सहवासात गेली. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेली ही भाषा स्वभावाने फार उदार. संगणकाच्या स्मृतीतील जागा कोणीही घ्यावी, सोडावी, आणि सोडल्यावरही तीत खुशाल नांगर धरावा. ही बाई हूं की चूं करावयाची नाही. या औदार्याची किंमत थोडी नव्हे. आपल्या सॉफ्टवेअरमधील सुरक्षिततेची सुमारे ७० टक्के छिद्रे स्मृतीच्या अशा गैरवापरातून निघतात, असे मायक्रोसॉफ्टनेच २०१९ मध्ये सांगितले.

२०१५ मध्ये जिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली ती 'रस्ट' मात्र करडी. वस्तूचा मालक एक. मालकी दुसऱ्या नावावर गेली की जुने नाव संपले. त्या नावाने पुन्हा व्यवहार करू पाहाल तर कंपायलर नावाचा तपासनीस आज्ञावली उभीच राहू देत नाही. वस्तू उसनी देता येते. नुसती पाहावयाची तर एकाच वेळी दहाजणांनी न्यावी. बदलावयाची असेल तर एकानेच, आणि तोवर इतरांनी तिच्याकडे पाहूही नये.

माझे सहकारी या नियमांवर चिडतात. मी कर्जतचा, मला ते घरचेच वाटले. आमच्याकडे मुलाला पाढ्यांआधी सातबारा कळतो. नमुना सातावर मालक, बारावर पीक. आणि फेरफार म्हटला की नोटीस निघून मंडळ अधिकाऱ्याची सही पडेपर्यंत तो पक्का नाही. रस्टमध्येही 'हे बदलणार आहे' असे आधी लिहून दिल्यावाचून एरवी साधा आकडा बदलत नाही. सातबाऱ्यावर मालक अनेक असू शकतात हे खरे. पण सहहिस्सेदारांची भांडणे ज्याने पाहिली आहेत, त्याला रस्ट ही मुभा सहजासहजी का देत नाही हे सांगावे लागणार नाही.

एका बाबतीत मात्र रस्ट आमच्याहून कठोर. तेथे कुळकायदा नाही. कितीही कसा, उसने ते उसनेच. १ एप्रिल १९५७ या कृषिदिनाने कसणाऱ्या कुळांना मालक मानले, आणि उल्हास नदीकाठचे भाताचे खाचर आमच्या आजोबांच्या नावे लागले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरता खुला झाला. पुढे खालापूर काय नि कर्जत काय, शेतघरांसाठी गिऱ्हाइके फिरू लागली. काकांनी खाचर विकले. आता तेथे कुंपण आहे, आत हिरवळ आहे, आणि पाटीवर एक अनोळखी आडनाव आहे.

काकू अद्याप पाऊस लागला की म्हणतात, "आपल्या खाचरात पाणी भरलं असेल." सी भाषेत याला लोंबकळता निर्देशक म्हणतात: पत्ता हाती आहे, पण त्या पत्त्यावर संसार दुसऱ्याचा. रस्टने काकूंचे वाक्य 'आपल्या' या शब्दावरच अडविले असते. रुग्णालयातल्या यंत्राची आज्ञावली असती तर मीही अडविले असते. गेल्या आषाढात मी म्हणालो, "हो काकू, बांधापर्यंत आलं असेल."