तो मी नव्हेच!

तर मंडळी, आज थोडं भुताखेतांवर बोलूया. घाबरू नका, आपली ती पिंपळावरची नव्हेत. ही अमेरिकन भुतं आहेत, रंगीत पानांवर छापलेली. आणि ती झपाटतात तीही साध्यासुध्या माणसांना नाही, थेट सुपरहिरोंना! गाडी उचलून फेकणाऱ्या माणसाच्या अंगात दुसराच कुणी शिरला तर काय होईल, हा त्या कॉमिक्सवाल्यांचा फार लाडका विषय. माझाही. "या वयात हे काय वाचतेस?" असं घरचे विचारतात. विचारोत बापडे.

आधी थोडा इतिहास. कॉमिक्स वाचून मुलं बिघडतात अशी ओरड झाल्यावर १९५४ साली अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. चालती प्रेतं, व्हॅम्पायर, लांडगा होणारी माणसं, सगळ्यांना बंदी. १९७१ साली हे नियम सैल झाले आणि लगेच पुढच्या वर्षी दोन सैतानी नायक अवतरले. एक मार्व्हलचा घोस्ट रायडर. मोटरसायकलवर कसरती करणारा जॉनी ब्लेझ. ज्या माणसानं त्याला वाढवलं त्याला कॅन्सर होतो, तो बरा व्हावा म्हणून जॉनी सैतानाशी सौदा करतो. कॅन्सर जातो खरा, पण तो माणूस कसरत करतानाच मरतो. (कराराची बारीक अक्षरं वाचावीत ती यासाठी!) जॉनीच्या नशिबी मात्र रात्र झाली की डोक्याच्या जागी पेटती कवटी. दुसरा डीसीचा एट्रिगन, जॅक किर्बीनं काढलेला. मर्लिन जादूगारानं जेसन ब्लड नावाच्या माणसाशी कायमचा बांधून टाकलेला राक्षस.

पण माझा लाडका या दोघांच्याही आधीचा, १९६७ सालचा. डेडमॅन. सर्कशीत झोके घेणारा बोस्टन ब्रँड खेळ चालू असतानाच गोळी लागून मरतो. मग 'रामा कुश्ना' नावाची एक देवता (हो, असंच नाव आहे. आपल्याकडे कुणाला विचारलं असतं तर बरं झालं असतं!) त्याला एक शक्ती देते. कुठल्याही जिवंत माणसाच्या अंगात शिरायचं, त्याचे हातपाय वापरायचे आणि आपला खुनी शोधायचा. काम झालं की बाहेर. त्या माणसाला काही आठवत नाही.

मला नेहमी कुतूहल वाटत आलं ते त्या माणसाचं. डेडमॅन पुढच्या पानावर निघून जातो, पण हा बिचारा कुठल्यातरी भलत्याच जागी भानावर येतो. हाताची बोटं सुजलेली. म्हणजे आपण कुणाला तरी मारलं. कुणाला? का? घरी काय सांगायचं?

परकायाप्रवेश आपल्याला काही नवीन नाही. नवनाथ भक्तिसारात मच्छिंद्रनाथ मेलेल्या त्रिविक्रम राजाच्या देहात शिरतात आणि बारा वर्षं राज्य करतात. ही कथा आपण नाथांच्या बाजूने ऐकतो. मला मात्र त्यातली राणी रेवती विसरता येत नाही. आपला नवरा हा आपला नवरा नव्हेच, हे तिला कळतं तेव्हा ती काय करते? मच्छिंद्रनाथांचा लपवून ठेवलेला मूळ देह शोधून त्याचे तुकडे करवते, परत जायला जागाच उरू नये म्हणून. अंगात कोण आहे यापेक्षा समोर कोण आहे याला तिनं जास्त किंमत दिली. चूक की बरोबर, तुम्ही ठरवा.

अशीच गोष्ट मार्व्हलनं स्पायडरमॅनच्या बाबतीत केली. २०१२ च्या डिसेंबरात 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा ७०० वा अंक आला. त्या कथेत मरणाच्या दारात असलेला डॉक्टर ऑक्टोपस, म्हणजे ऑटो ऑक्टेव्हियस, पीटर पार्करशी मनांची अदलाबदल करतो. पीटर ऑटोच्या मोडक्या शरीरात मरतो. पण मरता मरता आपल्या साऱ्या आठवणी ऑटोच्या मनात ओततो. बेनकाकांचा मृत्यू, त्यानंतरची टोचणी, सगळं. आणि तो खलनायक त्या ओझ्याखाली ठरवतो की मी स्पायडरमॅन होईन, पीटरपेक्षा सरस होईन.

पुढची गंमत अशी, की जगाला फारसं काही कळतच नाही! पीटर जरा शिष्ट झालाय आणि बराच शिस्तीचा, एवढंच. ऑटो त्याच्या नावावर राहिलेली डॉक्टरेट पुरी करतो, कंपनी काढतो, ॲना मारिया नावाच्या हुशार मुलीच्या प्रेमात पडतो. पोलिसांकडे काम करणारी कार्ली कूपर सोडली तर जवळच्यांपैकीही कुणाला पक्का संशय येत नाही. २०१४ साली ॲना मारियाचा जीव धोक्यात येतो, तेव्हा हे आपल्याच्यानं निभणार नाही हे ऑटोला उमगतं आणि तो शरीर पीटरला परत देऊन टाकतो. पीटर येतो. आणि त्याच्यासमोर असते एक कंपनी, एक पदवी, दुखावलेले मित्र, आणि डोळ्यांत प्रेम घेऊन त्याच्याकडे पाहणारी एक मुलगी, जिला तो ओळखतही नाही.

आता घरची गोष्ट. (आईला विचारून लिहितेय, काकालोकांनी रागावू नये.)

आजी ८१ वर्षांची असताना न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र आजी आजी राहिली नाही. आवाज वेगळा, नजर वेगळी. आई पेज घेऊन गेली तर आजी ओरडली, "ही बाई कोण? हिला बाहेर काढा. हिनं माझ्या पाटल्या विकून खाल्ल्या." ज्या आजीनं जन्मात आईला अरेतुरे सोडाच, पण वर आवाजात हाक मारली नव्हती, ती आजी! रात्रभर हेच चाललं. सकाळी जरा शांत, दिवेलागणीला पुन्हा सुरू. एका आत्यानं हळूच सुचवलं की बाहेरचं काही असेल, नारळ उतरवून टाकावा.

डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, डिलिरियम. म्हातारपणी अशा ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतं म्हणाले. भूल, दुखण्यावरची औषधं, अपुरी झोप, परकी जागा, या सगळ्यानं मेंदू गोंधळतो, आणि रात्री जास्तच. उपाय विचारला तर म्हणाले, औषधं मी बघतो, तुम्ही चष्मा आणा, कानाचं यंत्र आणा, समोर घड्याळ लावा आणि ओळखीची माणसं जवळ राहू द्या. आम्ही चष्मा, यंत्र, घड्याळ, वर घरची गोधडी आणि भिंतीवरचं कालनिर्णयसुद्धा नेलं. भूत उतरवायचं इतकं साधं सामान मी कुठल्याही कॉमिकमध्ये पाहिलेलं नाही :-)

सहाव्या दिवशी सकाळी आजी डोळे उघडून म्हणाली, "चहा झाला का गं?" मग आईकडे बघून, "तुझा चेहरा का असा उतरलाय?" आणि थोड्या वेळानं अगदी हळू, "मी काही बोलले का?"

"काही नाही हो आई," आई म्हणाली, "झोपेत बडबडत होतात."

पाटल्यांची गोष्ट खरी होती. आमच्या घराचा पहिला हप्ता भरायला पैसे कमी पडले, तेव्हा आजीनं हातातल्या पाटल्या स्वतः काढून दिल्या होत्या. त्याला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. त्याविषयी ती कधी एक अक्षर बोलली नव्हती. घरी आल्यावर मी आईला समजावू लागले की ती आजी नव्हतीच, आजार बोलत होता. आई भाजी चिरत होती. म्हणाली, "बोलणारी ती नव्हती हे मला कळतं गं. पण पाटल्या तर तिच्याच होत्या ना?"

या वाक्यावर मी बरेच दिवस अडले. ऑटोकडे पीटरच्या आठवणी असतात, तसं झपाटणारं जे काही असतं ते बाहेरून नवीन काही आणत नसावं. घरातलंच सामान उचलून फेकतं. मग फेकणारा आपला नव्हता म्हणून सुटका होते का?

कॉमिक्सवाल्यांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. एक्स-मेनमधली जीन ग्रे घ्या. १९८० साली फीनिक्स नावाची शक्ती अनावर होऊन ती एक तारा गिळते, आणि त्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव संपतात. लेखकांचा बेत तिची शक्ती काढून तिला जगवायचा होता. मुख्य संपादक जिम शूटर अडून बसले. एवढा संहार केल्यावर तिला शिक्षा न होता कशी चालेल? शेवट बदलला, जीन मेली. पुढे १९८६ मध्ये जीन पुन्हा हवी झाली. मग शोध लागला की ती जीन नव्हतीच! शक्तीनं तिचं रूप घेतलं होतं, आणि खरी जीन तेव्हापासून न्यूयॉर्कच्या जमेका बे नावाच्या खाडीच्या तळाशी एका कोशात झोपलेली होती. म्हणजे अत्र्यांच्या लखोबा लोखंडेसारखं सरळ 'तो मी नव्हेच'. फरक इतकाच की लखोबा खोटं बोलत होता आणि ही खरं. पण लेखकांनाही ही सुटका फार सोपी वाटली असावी. कारण तीनेक वर्षांत त्यांनी फीनिक्सच्या सगळ्या आठवणी जीनच्या डोक्यात आणून घातल्या. केलं नाही, पण आठवतं.

आणि ज्यांचं शरीर वापरलं जातं त्यांचं काय? एक्स-मेनमधल्याच बेट्सी ब्रॅडॉक या इंग्रज मुलीचं मन १९८९ पासून क्वॅनन नावाच्या जपानी स्त्रीच्या शरीरात होतं. तीसेक वर्षं वाचकांनी त्या शरीराला बेट्सीच म्हटलं. क्वॅननला ते परत मिळालं थेट २०१८ साली. 'वंडर वुमन १९८४' या २०२० च्या सिनेमात नायिकेचा मेलेला प्रियकर एका परक्या माणसाच्या देहात परत येतो, आणि त्या माणसाला नावसुद्धा नाही. त्यावर टीका झाली ते मला बरंच वाटलं. डेडमॅनच्या त्या सुजलेल्या बोटांच्या माणसाची अखेर कुणीतरी चौकशी केली म्हणायची.

माझं मत विचाराल तर दोष आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीटरचा दोष काहीच नव्हता, तरी ॲना मारियाला खरं काय ते सांगणं त्याच्याकडे देणं होतं. आजीचाही दोष नव्हता. आणि आईचा तर नव्हताच नव्हता.

पण आई शाळेतून निवृत्त झाली तेव्हा मिळालेल्या पैशातून तिनं सगळ्यात आधी दोन पाटल्या केल्या. पहिल्या होत्या तितक्या जाड नाहीत, झेपतील तशा. आजीच्या हातात स्वतः चढवल्या. आजी म्हणाली, "हे कशाला गं आता?" आई म्हणाली, "असू द्या." त्या संध्याकाळचा विषय दोघींनीही काढला नाही, पुढेही कधी नाही. आजीनं मात्र त्या शेवटपर्यंत हातातून काढल्या नाहीत.

सुपरहिरोंच्या गोष्टीत हे जमायला तीस-तीस वर्षं आणि तीन-चार लेखक लागतात. असो. काकालोकहो, वाचलंत तर फोन करा, आईला बरं वाटेल.