हे खरे आहे काय?

माझं माहेर नाशिकच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला. गाव आणि शाळा यांच्या मधून एक ओहोळ वाहतो आणि त्यावर बुटकी फरशी आहे. जोराचा पाऊस झाला की फरशी पाण्याखाली जाते. मागच्या ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याची मुलगी सलग नऊ दिवस शाळेत जाऊ शकली नाही. त्याच आठवड्यात पेपरात चार ओळींची बातमी वाचली. कुठल्याशा विषयावरच्या ‘तारांकित प्रश्नाला’ मंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं होतं. अशा बातम्या मी चाळीस वर्षं वाचत आले आहे. तारांकित म्हणजे महत्त्वाचा, एवढाच अर्थ मी लावून ठेवला होता. मंत्र्यांना उत्तर द्यावंच लागत असेल तर आपणच विचारू, असं मनाशी ठरवलं. रात्री बसून चार पानं लिहिली, वर ‘तारांकित प्रश्न’ असा मथळा घातला आणि विधान भवनाच्या पत्त्यावर टपालानं पाठवली. पुढे शेजारच्या वकिलांनी सांगितलं की सभागृहात प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त सदस्याचा असतो, नागरिकाचा नाही. आजवर एकही मतदान चुकवलं नव्हतं, आणि हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

मग त्या चार पानांची प्रत घेऊन आमच्या भागातल्या एका आमदारांच्या कार्यालयात गेले. आमदार मुंबईला होते. त्यांच्या स्वीय सहायकानं, माझ्या मुलाच्या वयाच्या मुलानं, सगळं शांतपणे वाचलं. माझं बालपण, पूर्वीचा लाकडी साकव, वाहून गेलेली म्हैस, भाच्याच्या मुलीचे नऊ दिवस, सगळं त्यात होतं. वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, “मावशी, यात प्रश्न कुठे आहे?” मी पानं परत घेतली आणि शोधायला लागले. चार पानांत एकही प्रश्नचिन्ह नव्हतं.

त्यानंच मला पहिला धडा दिला. सदस्य जेव्हा तोंडी उत्तर मागतो तेव्हा त्याच्या प्रश्नाच्या क्रमांकावर तारा छापतात. तारांकित म्हणजे एवढंच. असा प्रश्न प्रश्नोत्तराच्या तासात पुकारला गेला की मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तरावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला उत्तर फक्त लेखी मिळतं, त्यावर उपप्रश्न नाही. तातडीचं काही असेल तर अल्पसूचना प्रश्न, म्हणजे कमी मुदतीत विचारलेला. घरी येऊन हे तिन्ही शब्द मी वहीत लिहिले आणि पुढे माझ्या भाषेत अर्थ लिहिला: उभ्यानं उत्तर, कागदावर उत्तर, घाईचं उत्तर. पेपरातली ती बातमी पुन्हा काढून वाचली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तिथे प्रश्नावर तारा होता, पण उत्तर लेखी होतं. म्हणजे त्या प्रश्नाची पाळी सभागृहात आलीच नव्हती.

असं का होतं ते दिल्लीच्या आकड्यांवरून समजलं. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतात, आणि क्रम सोडतीनं ठरतो. एका तासात वीसही प्रश्न पुरे होणं फार विरळा. उरलेल्यांची उत्तरं कागदावर येतात. मंत्रालयांचे वार ठरलेले असतात आणि सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. त्या दिवसापर्यंत माझा समज असा होता की सदस्य उठतो, विचारतो आणि मंत्री तिथल्या तिथे उत्तर देतात. प्रश्नालाही रांगेत उभं राहावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

पुढची चूक मंत्र्यांच्या नावाची. मी एक पत्र खासदारांनाही पाठवलं होतं. केंद्राचे मंत्री मोठे, म्हणजे काम लवकर होईल, असा माझा हिशोब. स्वीय सहायकानं कांद्याचं उदाहरण देऊन समजावलं. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर बंदी आली तेव्हा लासलगावचा शेतकरी कुणालाही जाब विचारो, निर्यातीचा निर्णय केंद्राचा होता. तो प्रश्न संसदेतच विचारायला हवा. गावातल्या फरशीचं तसं नाही, ती राज्याची गोष्ट. पण राज्यातही कुणाची? राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतात. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणजे उत्तर ग्रामविकास मंत्र्यांनी द्यायचं. “तुमचा रस्ता कुठला?” त्यानं विचारलं. मी म्हणाले, “शाळेचा.” ज्या रस्त्यावर मी चालायला शिकले त्याला सरकारदरबारी क्रमांक असतो, हे मला माहीत नव्हतं.

क्रमांक भाच्यानं ग्रामपंचायतीतून आणला. तो येईपर्यंत मी विधानमंडळाच्या छापील प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचत बसले. पहिले दोन दिवस काही कळेना. प्रत्येक प्रश्नाचा साचा एकच: सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय. मग आकडे. एक, अमुक गोष्ट निदर्शनास आली आहे, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. तीन, असल्यास, कोणती कार्यवाही केली. चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. एकेका प्रश्नाखाली कितीतरी आमदारांची नावं, काही वेगवेगळ्या पक्षांची. उत्तरं मात्र आखूड. होय. हे खरे नाही. अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. हे शेवटचं वाक्य इतक्या वेळा आलं की मला राग आला. एवढ्या मेहनतीनं विचारलेला प्रश्न उद्भवत कसा नाही?

तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. प्रश्नाचे भाग जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकमेकांवर टेकलेले असतात. पहिल्याच भागाला मंत्र्यांनी ‘हे खरे नाही’ म्हटलं की ‘असल्यास’ म्हणून सुरू होणाऱ्या सगळ्या पायऱ्या कोसळतात. म्हणजे खरी कसोटी पहिल्या वाक्याची. त्यात असं काही हवं जे कुणालाही नाकारता येणार नाही. मी माझं पहिलं वाक्य पाहिलं. मी लिहिलं होतं, ‘गावातील लोकांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय.’ हाल अतोनात नाहीत, एवढं म्हटलं की माझा सगळा जिना खाली आला असता.

दुसरा मसुदा घेऊन गेले तेव्हा त्या मुलानं पेन्सिलीनं चार शब्द खोडले: ‘निर्दयी’, ‘झोपलेलं’, ‘लाजिरवाणं’ आणि ‘जाणूनबुजून’. मला वाटलं, आमदारांना भांडण नको आहे. नंतर लोकसभेचे नियम वाचले. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा विशेषणं नकोत. नुसतं मत मागायचं नाही, काल्पनिक गोष्ट विचारायची नाही, न्यायालयात चालू असलेलं प्रकरण आणायचं नाही, आणि सगळं दीडशे शब्दांत बसवायचं. आपल्या विधानसभेतही सूर तोच, आणि प्रश्न स्वीकारायचा की नाही ते अध्यक्ष ठरवतात. खोडलेले चारही शब्द माझ्या मनातल्या संतापाचे होते. त्यांतल्या एकाही शब्दात फरशीबद्दल काही माहिती नव्हती.

मग माहिती आणायची कुठून? माहिती अधिकाराचा अर्ज केला. २००५ मध्ये हा कायदा झाला तेव्हा त्यात एक वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. ते वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. प्रश्न विचारण्याचा हक्क माझा नव्हता, पण प्रश्नाचं सामान गोळा करण्याचा हक्क माझा होता. तीस दिवसांच्या मुदतीत दोन पानी उत्तर आलं. नव्या उंच पुलाला प्रशासकीय मान्यता मिळून दोन वर्षं झाली होती, कामाचा आदेश निघालेला नव्हता. मी त्या मान्यतेची तारीख आणि क्रमांक मोठ्या अक्षरात लिहिला आणि आनंदानं कार्यालयात गेले. तिथे कळलं की नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न देण्याची मुदत चार दिवसांपूर्वी संपली आहे.

पुढच्या अधिवेशनाची वाट पाहताना मी सार्वजनिक वाचनालयात बसू लागले. १८४० पासून नाशिकला वाचायला देणारी ही संस्था, पण या विषयाची पुस्तकं मी तिथे कधी मागितली नव्हती. वाचताना कळलं की प्रश्न विचारण्याची मुभा आपल्याकडे १८९२ च्या कायद्यानं आली, तीही अर्धीच. सदस्यानं प्रश्न विचारायचा, सरकारनं उत्तर द्यायचं, तिथेच संपलं. १८९५ मध्ये लोकमान्य टिळक मुंबईच्या कायदे मंडळात गेले तेव्हा उपप्रश्नाची सोय नव्हती. १९०९ मध्ये मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला आणि १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतरांनाही मिळाला. उपप्रश्नाचा हक्क सगळ्यांना मिळायलाच सत्तावीस वर्षं लागली होती. आणि मी दोन महिन्यांत थकले होते.

मुंध्रा प्रकरणही तिथेच नीट वाचलं. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत राम सुभग सिंह यांनी विचारलं की आयुर्विमा महामंडळानं मुंध्रा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले आहेत काय. उत्तरानं समाधान झालं नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी तो विषय धसास लावला. विमेदारांचे सुमारे सव्वा कोटी रुपये सहा कंपन्यांत गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं. याच हक्काची दुसरी बाजूही वाचली. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यामुळे डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून अकरा खासदारांची हकालपट्टी झाली. जो प्रश्न मंत्र्याला घरी पाठवू शकतो, तो विकलाही जाऊ शकतो. माझ्या चार ओळी कुणी पैसे न घेता वाचल्या, सुधारल्या आणि पुढे नेल्या, याचं मोल मला त्या दिवशी कळलं.

जानेवारीत प्रश्न दिला गेला. मान्यतेच्या तारखेपासून सुरू होणारा, चार भागांचा, एकही विशेषण नसलेला. फेब्रुवारीत एका दुपारी भाच्याचा फोन आला. “आत्या, जीप आली होती. साहेबांनी फरशीवर टेप लावली, फोटो काढले, शाळेत जाऊन पटावरची मुलं मोजली.” मी स्वीय सहायकाला विचारलं, उत्तर आलं का? तो म्हणाला, “उत्तर नाही, प्रश्न गेलाय.” विधानमंडळाच्या सचिवालयातून प्रश्न मंत्रालयातल्या विभागाकडे जातो, तिथून माहितीसाठी जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि तसाच पुन्हा वर. मंत्री सभागृहात जे सांगणार ते चुकीचं निघालं तर जाब खालपर्यंत येतो, म्हणून वाटेतल्या प्रत्येक टेबलाला ती फाईल उघडावी लागते. दोन वर्षांत आमच्या फरशीवर कुणी टेप लावली नव्हती. मंत्र्यांनी एक शब्दही बोलण्याआधी ती लागली.

उत्तर छापून आलं ते अतारांकित यादीत. मी उभ्यानंच वाचलं. एक: होय, हे खरे आहे. माझा जिना उभा राहिला होता. दोन: मान्यता दिली असल्याची नोंद. तीन: निविदेची कार्यवाही सुरू आहे. चार: प्रश्न उद्भवत नाही. मी पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा वाचलं, आणि मग कळलं की माझ्याकडून काय राहिलं. कोणती कार्यवाही केली ते मी विचारलं होतं. काम केव्हा पूर्ण होईल ते विचारलंच नव्हतं. तारांकित प्रश्न असता आणि त्याची पाळी आली असती, तर कुणीतरी उठून तेवढा एक उपप्रश्न विचारला असता. मंत्री ‘अमुक महिन्यापर्यंत करू’ म्हणाले असते तर ते आश्वासन ठरलं असतं आणि ते पाळलं जातं की नाही हे पाहणारी समितीही विधानमंडळात आहे. माझं उत्तर मात्र १८९५ सालातलं होतं. दिलं आणि संपलं.

हे लिहिते आहे तेव्हा जून लागला आहे. पुढचं अधिवेशन पावसाळी आहे. प्रश्न देण्याची मुदत कधी संपते ते या वेळी मी आधीच विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला आहे. भाच्याला सांगितलं आहे की यंदा फरशी ज्या ज्या दिवशी बुडेल ती तारीख वहीत लिहायची आणि त्या दिवशी शाळेत न पोहोचलेल्या मुलांचा आकडा पुढे लिहायचा. त्यानं विचारलं, “हाल कसे झाले तेही लिहू का?” मी म्हणाले, नको, नुसती तारीख आणि आकडा लिही. नव्या प्रश्नाचा कागद समोर आहे. वरचे तीन भाग अजून लिहायचे आहेत. चौथा मी सगळ्यात आधी लिहून ठेवला: असल्यास, उक्त पुलाचे काम कोणत्या दिनांकापर्यंत पूर्ण करण्यात येणार आहे?