अनंतकाळाचे ओझे

भूगोलाच्या पुस्तकांत ‘विकसित प्रदेश’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो. तो वाचला की रुंद रस्ते, स्वच्छ नद्या आणि सुखवस्तू माणसे असे चित्र मनात उभे राहते. त्या चित्राखाली काय गाडले गेले आहे, हे मात्र पुस्तक क्वचितच सांगते. जर्मनीतील रूरचे खोरे हा अशा प्रदेशांचा जणू नमुनाच. एका उन्हाळ्यात तेथील एका धर्मग्रामात, सुट्टीवर गेलेल्या धर्मगुरूंच्या जागी सेवा करण्याचा योग आम्हांस आला. सेमिनरीत शिकलेला ‘अनंतकाळ’ हा शब्द तेथे आम्हांस अगदी निराळ्या अर्थाने भेटला.

ऱ्हाईन नदीला पूर्वेकडून मिळणाऱ्या रूर, एम्शर आणि लिप्पे ह्या नद्यांच्या आसपास हा प्रदेश पसरला आहे. ५३ शहरे व गावे आणि सुमारे ५० लाख माणसे तेथे इतकी खेटून वसली आहेत की एक शहर कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे परक्याला उमगत नाही. ही वस्ती घडवली ती दगडी कोळशाने. दक्षिणेस रूरच्या काठी कोळशाचे थर जमिनीच्या अगदी जवळ होते. उत्तरेकडे ते खोल खोल उतरत जातात. म्हणून खाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेल्या आणि त्यांच्यामागोमाग लोहमार्ग, पोलादाच्या भट्ट्या, कामगारांच्या चाळी आणि चर्चेस गेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही हजार वस्तीचे असलेले एसेन हे गाव १९१० च्या सुमारास जवळजवळ तीन लाखांचे शहर झाले. ही माणसे आली ती पूर्वेकडून. त्यांत पोलिश भाषा बोलणारे कॅथलिक पुष्कळ होते. पुढे १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार आले. भूगोलवेत्ते ह्यास स्थलांतर म्हणतात. ज्यांची मुले आखातात राबत आहेत, त्या आमच्या वाचकांना ह्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

भूमीच्या पोटातून कोळसा काढला की तेथे पोकळी उरते. कालांतराने तिचे छत कोसळते आणि वरची जमीन खाली बसते. रूरमध्ये काही ठिकाणी ती २० मीटरहून अधिक खचली. नदीनाल्यांचे उतार बिघडले, पाणी तुंबू लागले, रोगराई पसरली. जमीन सतत हलत असल्याने भूमिगत गटारे बांधणेही शक्य नव्हते. तेव्हा नगरपालिका, खाणी व कारखाने ह्यांनी १८९९ साली एक संस्था स्थापन केली आणि एम्शर नदीलाच उघडे गटार बनविले. नदी काँक्रीटच्या पन्हळीत सरळ वाहू लागली. त्या काठी वाढलेल्या मुलांना नदी म्हणजे दुर्गंधी, एवढेच ठाऊक होते.

१९५८ नंतर परदेशी कोळसा आणि खनिज तेल स्वस्त पडू लागले, तशी खाणींना उतरती कळा लागली. २१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील प्रोस्पर-हानिएल ही अखेरची खाण बंद झाली आणि कोळशाचा शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर ह्यांच्या हाती देण्यात आला. जमीन स्थिरावल्यावर एम्शरलाही न्याय मिळाला. सांडपाण्यासाठी ५१ किलोमीटरची भूमिगत वाहिनी बांधली गेली आणि २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मुक्त झाली.

परंतु कथा येथे संपत नाही. खाणी थांबल्या, पंप थांबलेले नाहीत. खचलेल्या भागांतील पाणी उपसले नाही तर कित्येक वस्त्यांचे तळे होईल. खाणीत साचणारे खारट पाणी वर चढून पिण्याच्या पाण्यात मिसळू नये, म्हणून तेही उपसावे लागते. हे काम कधीच थांबवता येणार नाही. तेथील हिशेबाच्या भाषेत ह्यास ‘एविगकाइट्सलास्टेन’, म्हणजे अनंतकाळाचे ओझे, असे नाव आहे. त्यासाठी २००७ साली एक निधी-संस्था उभारण्यात आली असून २०१९ पासून ती दरवर्षी कोट्यवधी युरो खर्च करते.

त्या धर्मग्रामात एका वृद्ध खाणकामगारास आम्ही घरी कम्युनियन देण्यास जात असू. तीस वर्षे ते भूगर्भात राबले होते. छातीत कोळशाची धूळ साठली होती. खाण गेली होती आणि ज्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तेही बंद पडले होते. एसेन धर्मप्रांतात २००६ नंतर २५९ धर्मग्रामांची मिळून ४३ करण्यात आली, त्या फेरबदलाची ही झळ. एके दिवशी ते म्हणाले, “फादर, आम्ही देशाला ऊब दिली. आता म्हणतात, नातवंडांच्या डोक्यावर ओझे ठेवले. मग आमचे कष्ट पाप होते काय?”

आमच्या मोडक्या जर्मन भाषेत आम्ही त्यांना सांगितले की, मुलांच्या भाकरीसाठी गाळलेला घाम प्रभूपुढे अर्पणच आहे. दोष असेल तर तो कोळशाची किंमत ठरवताना पाण्याची आणि जमिनीची किंमत वगळणाऱ्यांचा. शिवाय, पापनिवेदनाने पापाची क्षमा होते. पापाने केलेली हानी तेवढ्याने भरून निघत नाही. ती भरून काढणे हे प्रायश्चित्त. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “म्हणजे पंप चालू ठेवायला माणसे लागणार. माझा नातू त्याच कामावर आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच समाधान दिसले.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा आग्रह धरला आहे. जगाला आपण पुढच्यांकडून मिळालेली ठेव मानावे, अशी ती दृष्टी. बोट्रोपला खाणीतील टाकाऊ खडकमातीच्या टेकडीवर क्रुसाची वाट उभारलेली आहे आणि शुभ शुक्रवारी भाविक ती चढून जातात. ज्या राशीवर मानवाने आपली हानी रचली, तीवरच तो गुडघे टेकतो, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटले.

आपल्याकडेही डोंगर फुटत आहेत, खाजणे बुजत आहेत, विहिरींचे पाणी टँकरने दूर जात आहे. विकासाला आमचा विरोध नाही. उपाशी पोटाला निसर्गप्रेमाचे प्रवचन देणे ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. मात्र ग्रामसभेत वा धर्मग्राम परिषदेत एखादी नवी योजना पुढे आली, की प्रत्येक कुटुंबाने एक प्रश्न विचारावा: ह्यासाठी पंप किती वर्षे चालवावा लागेल आणि त्याचे बिल कोणाच्या नावावर येईल? रूरच्या लोकांनी हा प्रश्न दीडशे वर्षे उशिरा विचारला. तरी ते बिल भरत आहेत, हे त्यांचे मोठेपण. आपल्याला तो आजच विचारता येईल.