दिघीच्या जेटीवर भेटू

नवरा-बायकोनं मिळून सायकलवर लांबचा पल्ला गाठायचा असेल, तर खाड्यांचा रस्ता निवडावा, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आमच्यात हा चढाचा माणूस. समोर चढ दिसला की मागे कोण राहिलंय याचं त्याला भान उरत नाही. मी सपाटीवर दिवसभर चालवीन, पण चढ लागला की गिअर पार खाली टाकून, रस्त्याकडेच्या म्हशींना ओलांडणं हाच पराक्रम मानून जाते. देशावर त्यामुळे आमचा प्रवास एका दिशेनं होतो, पण एकत्र होत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र थोड्या थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. बोट तिच्या वेळेला सुटते, आणि कितीही दामटली तरी याला जेटीवर माझी वाट बघत बसावं लागतं. तिकिटं काढून ठेवण्याचं कामही आपोआप त्याच्याकडे जातं.

पुण्यात ‘सायकलवर दिघीला चाललोय’ असं सांगितलं की लोकांना आळंदी रस्त्यावरची दिघी वाटते. मग ते विचारतात, संध्याकाळी जेवायला येताय ना! आमची दिघी श्रीवर्धन तालुक्यातली, राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावरची. गंमत म्हणजे ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यावरून थेट याच दिघीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. पण त्या वाटेनं दिघीला पोचणं म्हणजे बंदराच्या ट्रकांच्या रांगेत पोचणं. आम्ही उत्तरेकडून, किनारा धरून यायचं ठरवलं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकली चढवल्या, मांडव्याला उतरलो आणि अलिबागच्या दिशेनं पायडल मारायला लागलो. जानेवारी होता आणि मुद्दाम आठवड्याचे मधले वार धरले होते. शनिवार-रविवारी या रस्त्यावर मुंबईच्या गाड्यांपुढे सायकलवाल्याची गणती होत नाही.

अलिबाग सोडल्यावर पहिला थांबा आक्षीचा. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला मराठी शिलालेख इथला. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४चा, म्हणजे इ. स. १०१२चा. वर चंद्र-सूर्य, खाली झिजलेली अक्षरं. मला त्यातलं धड वाचता आलं नाही, पण हात लावून बघण्याचा मोह आवरला. पुढे दिवेआगरला सापडलेला मराठी ताम्रपट १०६०चा. आपल्या भाषेचे इतके जुने दोन लेख एकाच किनाऱ्यावर, मध्ये फक्त कुंडलिका आणि राजपुरी या दोन खाड्या. कुंडलिकेवर साळावचा पूल आहे. राजपुरीवर बोट. आमच्या प्रवासाचा कणा मला इथेच सापडला. याला तो जेवणाच्या वेळापत्रकात सापडला होता.

चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधून जाणारा सावलीचा रस्ता, पोर्तुगीज वळणाची बोली अजून घरात बोलणारं कोर्लई, मग काशीदचे चढ. हे सगळं लोकांनी पुष्कळ लिहिलंय. मुरूडला मुक्काम केला, आणि सकाळी नबाबाच्या राजवाड्याकडे लांबूनच बघून आगरदांड्याला निघालो.

आगरदांडा-दिघी हा बोटीचा प्रवास उणापुरा पंधरा-वीस मिनिटांचा. इथे तिला जंगलजेटी म्हणतात. बोट काठाला लागली की पुढची लोखंडी फळी साखळ्यांच्या खडखडाटात खाली येते आणि आधी आतल्या गाड्या बाहेर पडतात. मग चढणाऱ्यांचा क्रम. मोठ्या गाड्या उलट्या, म्हणजे रिव्हर्समध्ये; बोटीवरचा पोरगा हाताच्या पंजानं ‘येऊ दे, येऊ दे’ करत एका टेम्पोला कठड्यापासून वीतभर अंतरावर आणून थांबवतो. सगळ्यात शेवटी दुचाक्या, आणि त्यांच्याही मागे आम्ही. फळी शेवाळलेली नव्हती, पण ओली होती. सायकलचं पुढचं चाक तिच्या पट्ट्यांवरून धडधडत वर गेलं. त्या पोरानं माझी सायकल कठड्याला सुतळीनं बांधून दिली आणि याच्या सायकलवरच्या पिशव्या दाबून बघत विचारलं, “यात काय, तंबू?” तंबू नव्हता. अर्ध्या पिशवीत याच्या कॉफीचं सामान होतं, ते मी सांगितलं नाही.

बोट सुटली आणि पश्चिमेला खाडीच्या मुखात जंजिरा दिसला. किल्ल्याविषयी मी इथे जास्त बोलणार नाही, शाळेत सहलीला जाऊन कलालबांगडी तोफेवर बसून आलेल्या पिढीला ते सांगायलाही नको. पण सायकलवरून आलं की एक गोष्ट लक्षात येते. आत वळलेली, वाऱ्यापासून आडोसा दिलेली ही खाडी सिद्दीच्या आरमाराचं घर का झाली, ते अंगाला कळतं. सकाळभर समुद्राचा वारा तोंडावर घेतला होता. खाडीत शिरताच तो पडला. १६८२च्या सुमारास संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूनं दगडांचा भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली होती. मोगल सरदार हसन अली खान कल्याणच्या बाजूला उतरला, महाराजांना माघारी वळावं लागलं आणि ते काम अपुरं राहिलं. त्याआधी, शिवाजी महाराजांच्या वेळी, लाय पाटील नावाच्या कोळ्यानं रात्री तटाला शिड्या लावण्याची जोखीम घेतली होती. मागून यायची कुमक वेळेवर आली नाही. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला, तर तो म्हणाला दर्यावर्द्याला पालखी कशाला. तेव्हा महाराजांनी त्याला ‘पालखी’ नावाचं गलबतच बांधून दिलं, असं सांगतात. मला ही गोष्ट किल्ल्याच्या सगळ्या तटाबुरुजांपेक्षा आवडते.

आज बोटीवरून बघताना खाडी ही सीमा वाटते. इकडे मुरूड तालुका, तिकडे श्रीवर्धन. पण जंजिरा संस्थान खाडीच्या दोन्ही काठांवर होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, सगळं नबाबाचं. जानेवारी १९४८मध्ये नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्यासारख्यांनी लढा उभारला, म्हसळं ताब्यात घेतलं आणि महिना संपता संपता नबाबानं विलीनीकरणाला मान्यता दिली. म्हणजे ही बोट जिथून जाते ते पाणी संस्थानाच्या मधोमध होतं. दोन्हीकडची नाती, सोयरिकी, मासळीचे व्यवहार त्या काळापासूनचे.

बोटीत माझ्या शेजारी मुरूडहून औषधं घेऊन परतणाऱ्या एक मावशी होत्या. इथे पूल होणार आहे, रेवस ते रेड्डी सागरी महामार्गातला एक. बॅरिस्टर अंतुल्यांच्या डोक्यातून निघालेली ही कल्पना चाळीसेक वर्षं कागदावर रेंगाळली. मी शहरी माणसाच्या सवयीनं बोलून गेले, “पूल झाला की ही मजा जाईल नाही?”

मावशींनी माझ्याकडे, मग माझ्या हेल्मेटकडे बघितलं. “मजा तुमची. शेवटची बोट गेल्यावर कुणाच्या पोटात दुखायला लागलं तर खाडीला काय सांगायचं, थांब म्हणून?” मग हसून त्यांनी पिशवीतलं बोर काढून दिलं.

म्हसळ्यावरून वळसा आहे, पण तो रात्री आजारी माणसाला घेऊन करायचा वळसा नाही. पूल व्हावा. सायकलींना बाजूची पट्टी ठेवली तर आणखी बरं, पण ती मागणी घेऊन उभं राहायला मला त्या मावशींसमोर लाज वाटली असती.

दिघीला उतरलो. दिघी ‘बघायला’ कुणी येत नाही. गाड्या बोटीतून उतरतात आणि दिवेआगरचा समुद्र गाठायला सुसाट निघून जातात. जेटीजवळ टपऱ्या, वाळत घातलेली जाळी, ओढून ठेवलेल्या होड्या, मशिदीचा मिनार, कौलारू आणि आता पत्र्याचीही घरं. पुढे बंदराची हद्द, कुंपण, धुळीनं लाल झालेली झाडं. ज्या आडोशानं सिद्दीला राखलं तोच आता मालवाहू जहाजांच्या उपयोगी पडतो. बंदर २०२१मध्ये अदानींकडे गेलं, आणि २०२४मध्ये केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या बारा औद्योगिक शहरांच्या यादीत दिघीचं नाव आलं. टपरीवरच्या चाचांना विचारलं तर ते म्हणाले, “नाव दिल्लीत मोठं झालं. गावात अजून पाणी एक दिवसाआड.”

मग उलट तपासणी सुरू झाली. कुठून आलात? गाडी नाही का? आहे? मग बिघडली का? मुलंबाळं काय म्हणतात? शेवटी हा वैतागून म्हणाला, “चाचा, १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगाला फेरी मारायला निघाले होते, त्यातले तिघे पुरी करून परत आले.” चाचा शांतपणे म्हणाले, “आणि बाकीचे तिघे शहाणे.” चहाचे पैसे मात्र त्यांनी निम्मेच घेतले.

दिघीतून बोर्लीकडे निघालं की लगेच चढ लागतो. हा नेहमीप्रमाणे दिसेनासा झाला. बंदराचे ट्रक अंगावरून गेले की मी रस्त्याच्या कडेला मुरमात उतरायची आणि धूळ बसेपर्यंत मागे वळून खाडी बघायची. अशीच एका वळणावर वर आले तर हा रस्त्याकडेला सायकल उलटी करून उभा. उभ्यानं पायडल मारताना मागच्या चाकाची तार तुटली होती. सुट्या तारा त्यानं पुण्याहूनच चिकटपट्टीनं दांड्याला बांधून आणल्या होत्या. पण तुटलेली तार गिअरच्या चक्रांच्या बाजूची, आणि ती चक्रं काढल्याशिवाय नवी आत जाणार नव्हती. मागचा ब्रेक मोकळा सोडला, त्याच्या दोन्ही पिशव्या माझ्या सायकलला लावल्या आणि तो हळूहळू, मी त्याच्या पुढे, अशी आमची वरात बोर्ली पंचतनला पोचली. या प्रवासात चढावर मी पुढे असण्याचा हा एकमेव प्रसंग, म्हणून नोंदवून ठेवते.

बोर्ली हा आजूबाजूच्या गावांचा बाजार. किराणा, कपडे, भांडी, मासळी आणि मोटरसायकलींची गॅरेजं. सायकलचं दुकान म्हणून विचारलं तर लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एका गॅरेजच्या मागच्या अंगाला एक साठीचे मिस्त्री भेटले. मुलगा पुढे मोटरसायकली करतो, हे मागे बसतात. त्यांनी चाक हातात घेऊन फिरवलं आणि एवढंच म्हणाले, “आउट पण आहे.” फ्रीव्हीलचा पाना त्यांच्याकडे होता, ऑइलनं काळ्या झालेल्या फडक्यात बांधून ठेवलेला. पाना वाईसमध्ये घट्ट आवळला, त्यावर चाक आडवं बसवलं आणि बसच्या ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवावं तसं दोन्ही हातांनी अख्खं चाक फिरवलं. कट्ट आवाज झाला आणि फ्रीव्हील सुटलं. नवी तार ओवली, मग चाक पुन्हा सायकलला चढवून आउट काढायला बसले. एका हातात खडू. चाक सावकाश फिरवायचं, खडू रिमला लागेल न लागेल असा धरायचा. जिथे पांढरी रेघ उमटते तिथे रिम बाहेर आलेली, मग तिथली एक तार पाव आटा आवळायची, शेजारची पाव आटा ढिली करायची. पुन्हा फिरवायचं. रेघ हळूहळू लांब होत गेली आणि शेवटी पूर्ण वर्तुळभर अखंड उमटली, तेव्हा त्यांनी खडू कानामागे खोचला.

“पूर्वी मुंबईवाले रजेवर आले की पहिली सायकल भाड्यानं न्यायचे,” ते म्हणाले. “तासावर. आता पोरं गिअरची घेतात, गिअर मोडला की माळ्यावर.” पैसे द्यायला गेलो तर त्यांनी सांगितलेला आकडा इतका लहान होता की यानं घासाघीस उलट्या बाजूनं केली.

दिवेआगरला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. १९९७ साली इथल्या एका वाडीत जमिनीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. २०१२च्या मार्चमध्ये तो चोरीला गेला आणि २०२१मध्ये मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. पण आम्ही ज्या घरगुती मुक्कामाला उतरलो तिथल्या काकू काळ मोजतात तो ‘निसर्ग’ चक्रीवादळाच्या आधीचा आणि नंतरचा. ३ जून २०२०. दुपारी दोन-तीन तासांत वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या झाल्या. पोफळीला पीक धरायला सहा-सात वर्षं लागतात. आता कुठे नवी झाडं खांद्याच्या वर गेलीत, काही धरायला लागलीत. जुनी वाचलेली मधेच एखादी, वाऱ्यानं वाकलेली. वाडीत पूर्वी भर दुपारी दिवा लागायचा, आता ऊन येतं, असं काकू म्हणाल्या. रात्री तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी झाली. याच्या कॉफीची कुणाला आठवणही झाली नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता सायकलीसाठीच काढलाय की काय असं वाटतं. उजवीकडे समुद्र, डावीकडे डोंगर, मध्ये एक गाडी जाईल एवढा डांबरी पट्टा आणि फारशी रहदारी नाही. या निर्जनपणाचाच फायदा घेऊन १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांची शस्त्रं आणि स्फोटकं या भागात उतरवली गेली, जानेवारीत दिघीला, फेब्रुवारीत शेखाडीला. शेखाडीच्या किनाऱ्यावर आम्ही पाणी प्यायला थांबलो तेव्हा दोन बायका वाळूवर सुकट पसरत होत्या. बाहेरच्यांनी यायचं, गावाच्या नावाला डाग लावायचा आणि गावानं तो वर्षानुवर्षं धुवायचा, हा न्याय मला कधी पटलेला नाही. त्यांनी सुकटीचा भाव सांगितला, आम्ही अर्धा किलो घेतली आणि पिशवी याच्या सायकलला लावली, माझ्या नाही.

श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथांच्या गावी सुपारीचे व्यापारी आणि रोठा सुपारीची चौकशी, हरिहरेश्वरला दर्शन, आणि मग बागमांडल्याची जेटी. सावित्रीच्या मुखाशी पलीकडे बाणकोट. मी पोचले तेव्हा बोट सुटायला वेळ होता आणि हा खिडकीशी वाद घालत उभा होता. सायकलचं तिकीट दुचाकीचं लावायचं की सामानाचं, यावर आत-बाहेर दोन मतं होती. “मॅडम, तुम्हीच सांगा,” तिकीटवाले म्हणाले. मी म्हटलं, माझी सामानात धरा, याची दुचाकीत. वासावरून त्यांनी सुकटीची पिशवी ओळखली आणि तिचं तिकीट नाही, एवढं आपण होऊन सांगितलं.

वेसवीला उतरलो तसा रायगड जिल्हा संपला. समोर चढ होता, आणि हा निघूनही गेला होता.